झुंबरबाईंची लाल रेघ

शुक्रवारपासून स्नेहलचं डोकं तापलेलं होतं, ते रविवारी खोडदला एसटीतून उतरली तरी निवलं नव्हतं. पुण्याच्या प्रयोगशाळेत उंदराच्या पेशींपासून तिने जिवापाड वाढवलेला वाण सरांच्या हुकमावरून तिलाच ब्लीच ओतून मारावा लागला होता. त्या पेशी प्रतिपिंडं बनवायच्या. कमजोर शरीरात शिरलेली बुरशी रक्ताच्या थेंबात सापडली, की प्रतिपिंडं तिला चिकटायची आणि कागदी पट्टीवर लाल रेघ उमटायची. रोग्यांच्या रक्तात ती उमटत होती. घोळ झाला निरोगी रक्तात.

ते रक्त तिने आपल्याच गावातून आणलं होतं. लेक एवढी शिकली, तिला आपलं रक्त लागतंय म्हटल्यावर शाळेच्या ओट्यावर झुंबड उडाली. साऱ्या पट्ट्या कोऱ्या निघाल्या, तिच्या चुलतीची, झुंबरबाईंची सोडून. आता डोईवर कांद्याची पाटी घेऊन तरातरा चालणाऱ्या काकीला काय धाड भरलीय!

"म्हणजे तुझी प्रतिपिंडं कशालाही चिकटतात," सर म्हणाले. पुन्हा रक्त आणून तपासते, म्हणून ती महिनाभर त्यांच्या मागे लागली. सरांना परिषदेची घाई. "एका खेडवळ बाईसाठी मी थांबू? टाकून दे सगळं. गोठवलेल्या कुप्यासुद्धा." खेडवळ हा शब्द तिच्या वर्मी लागला होता.

काकी कांदा साठवायच्या बराखीपाशी निवड करत बसली होती. सडक्या कांद्यांवरची काळी बुरशी काजळीसारखी उडत होती. स्नेहल हाक मारणार तोच काकीला उबळ आली. ती थुंकली आणि पायाने घाईघाईने माती सारली, तरी लाल दिसायचं ते दिसलंच.

"काकी, हे कधीपासून?"

"दिवाळीपासनं आसंल. दमा हाय गं. डाक्टर बारक्या पांढऱ्या गोळ्या देतो. घेतल्या की लई बरं वाटतं."

स्नेहलने गोळ्यांचं पाकीट हिसकावून पाहिलं. स्टिरॉइड! दम्याची धाप दाबायची आणि शरीराची राखण मोडायची, म्हणजे बुरशीला रान मोकळं. दिवाळीपासून हा डॉक्टर पुडीमागून पुडी देत होता आणि छातीचा एक साधा फोटो काढायला त्याला सुचलं नव्हतं.

"ओट्यावर मी विचारलं ना, खोकला आहे का, गोळ्या चालू आहेत का? तू नाही का म्हणालीस?"

"तुला धडधाकट मानसंच पायजे व्हती ना! पोरगी रक्त मागती आन् सख्खी चुलती माघारी फिरली, आसं म्हनली असती लोकं. तोंडात पदर कोंबून बसले. खोकला येऊ दिला नाय."

"अगं, मी तपासायलाच आले होते ना!" स्नेहल एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या बराखीतल्या बाया उठून उभ्या राहिल्या. कुणाकुणाच्या मुस्काटात द्यावी तेच तिला कळेना. पट्टी खरं सांगत होती. बाकी सगळी खोटं बोलली होती, कुणी मायेपोटी, कुणी माजापोटी.

जीप करून तिने काकीला पुण्याला नेलं. बुरशीने फुप्फुस पोखरलं होतं. "महिनाभर आधी आणायचं होतंत," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

दवाखान्याच्या दारातल्या फोनवरून तिने सरांना कळवलं.

"अरे वा! म्हणजे पट्टी बरोबर होती! लगेच त्या पेशी वाढवायला घे."

"तुम्ही मारायला लावल्यात."

"एखादी कुपी राहिली असेल की कुठे?"

"नाही राहिली. तुम्ही सांगितलंत तसंच केलं मी, आणि माझी काकी तिकडे मरतेय!" तिने फोन आदळला. बूथवाला दचकून बघत राहिला.

वॉर्डात काकीने ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला. डोळ्यांत कौतुक मावत नव्हतं.

"माज्या रक्तानं तुजं काम झालं ना गं?"

"झालं," स्नेहल दातओठ खात म्हणाली आणि मास्क तिच्या तोंडावर परत बसवला.