जेवणाच्या वेळची कडी

म्हातारा सुतार जहाजावर पाय ठेवतो न ठेवतो तोच गुलाबाच्या अत्तराचा वास आला आणि त्याला शिसारी आली. या जहाजाला खरा वास कसला यायचा, ते त्याच्या नाकाला विचारा! आता त्याचं हॉटेल झालं होतं, कायमचं धक्क्याला बांधलेलं. जहाजाच्या इतिहासाचं पुस्तक आज निघणार होतं, आणि जुना माणूस म्हणून सुताराला जेवणाचं आमंत्रण होतं.

त्याच्या दंडाला धरून थोरली बहीण चालत होती. ताईला पुस्तकाशी काही घेणंदेणं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक मुलगा लढाईला म्हणून याच जहाजातून गेला आणि वाटेतच संपला. ते जहाज एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढाच तिचा हट्ट.

सरकारी कागदावर लिहिलं होतं, तापाने गेला. निघायच्या दिवशी पोराच्या अंगात कणकण होती खरी. मामा जहाजावर सुतार आहे, तो बघेल, असं म्हणून ताईनेच त्याला धाडला होता. तेव्हापासून ती स्वतःला खात आली. आजही जिना चढताना म्हणाली, दोन दिवस ठेवून घेतला असता तर? सुताराने तिचा हात आपल्या दंडावर घट्ट धरला आणि पुढची पायरी दाखवली. त्याला त्याची सवयच झाली होती.

भोजनगृहात मधोमध एक लांबलचक सागवानी टेबल होतं. मॅनेजरने दोघांना मानाने तिथेच बसवलं. सुताराने हात मांडीवरच ठेवले, टेबलाला लावले नाहीत. टेबल त्यानेच केलेलं होतं.

मॅनेजर भाषणाला उभा राहिला. तोंडात साखर घोळवणारा माणूस, आणि पुस्तकही त्याचंच. आधी बड्या लोकांच्या सहलींचं जहाज, मग लढाईत करडा रंग फासून सैनिकांची ने-आण, मग पुन्हा पांढरं. वरची झुंबरं भुशात घालून कशी जपली, हे सांगताना त्याचा गळा दाटून आला. झुंबरांसाठी! मग म्हणाला, भर समुद्रात सुरुंग लागला, तरी जहाज बुडालं नाही आणि एकही प्रवासी दगावला नाही. टाळ्या पडल्या. लाज कोळून प्यायलेत मेले. सैनिकांनी तिकिटं काढली नव्हती ना, मग ते प्रवाशांत कशाला मोजायचे?

तळात, जिथे सामान असायचं, तिथे तेव्हा चारशे जण कोंबले होते. बोट लागून ओकायचे आणि त्यातच झोपायचे. तो वास वर भोजनगृहात पोचायचा आणि साहेबांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. म्हणून हुकूम निघाला, साहेब जेवतात तेवढा वेळ तळाचं दार बाहेरून बंद ठेवा. कडी सुताराने बसवली. रोज दुपारी तोच घालायचा, तोच काढायचा.

सुरुंग लागला तो ऐन जेवणाच्या वेळी. तळात पाणी भरायला लागलं. वरून ओरडून सांगितलं, दार उघडलंस तर जहाज जाईल. सुतार कडीवर हात ठेवून उभा राहिला. आतून हाका येत होत्या. त्यांत 'मामा' अशी हाक होती की नव्हती, हे त्याने आजवर हजारदा स्वतःला विचारलं होतं. मग हाका थांबल्या.

लढाई संपल्यावर साहेब म्हणाले, लाकूड मिळत नाही, त्या दाराचंच टेबल कर. दोन्ही फळ्या एकापुढे एक जोडून त्याने बाहेरची बाजू रंधली, चकचकीत केली. आतल्या बाजूला रंधा लावायला हात धजला नाही. ती त्याने खाली केली.

सूप आलं. आसपास सगळे चवीने भुरके मारायला लागले. ताईने चमचा उचलला आणि सुताराला राहवेना.

"ताई, खाऊ नकोस. टेबलाखालून हात फिरव."

तिने फिरवला. तिची बोटं थांबली, पुढे सरकली, पुन्हा थांबली.

"काय आहे हे?"

"नखं. आतल्या पोरांची." त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं, कडीपासून पाण्यापर्यंत. "तापाने नाही गेला तो. दार मी उघडलं नाही."

ताईने हात टेबलाखालीच ठेवला. बोटं त्या ओरखड्यांवरून फिरत राहिली.

"चाळीस वर्षं मी तापाला रडले," ती म्हणाली. "आणि तू शेजारी बसून माझे डोळे पुसलेस."

ती उठली. मॅनेजर लगबगीने आला, आजी, सूप आवडलं नाही का, दुसरं काही मागवू का, असं विचारत राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

जिन्याशी सुताराने सवयीने दंड पुढे केला. ताईने कठडा धरला आणि एकेक पायरी चाचपत एकटीच खाली उतरली.