कारणाचा रकाना

पाचव्या नावापुढे गोदावरी सिस्टरांनी लिहिलं, ‘हात जड आहे.’ लिहून झालं आणि त्यांचं त्यांनाच वाटलं, हे आपण पाहिलं कधी?

डायलिसिसच्या सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला वॉर्डातून एकच माणूस पुण्याला जायचा होता. नाव मयूरीचं ठरलं होतं. पण यंदा ऑफिसने फॉर्मवर एक रकाना वाढवला होता : बाकीच्यांना का नाही, ते प्रत्येकाच्या नावापुढे लिहा. दीपमालेला सातवा महिना होता, क्रांती नवी होती, रेश्मा स्वतःच नको म्हणाली होती. राहिला शिवतेज. वॉर्डातला एकटा पुरुष नर्स.

तो माण तालुक्यातला, दहिवडीच्या पलीकडचा. घरी मेंढरं. दोन वर्षांपूर्वी कामावर आला त्या दिवशी वॉर्डबॉय आला नव्हता. सिस्टरांनी त्याची मनगटं बघितली आणि म्हटलं, “तू तो सिलिंडर आण रे.” त्याने आणला. तेव्हापासून सिलिंडर त्याचा झाला, स्ट्रेचर त्याचं झालं, दारू पिऊन आलेला नातेवाईक आवरायचा तोही त्यानेच. सुई टोचायची वेळ आली की सिस्टर म्हणत, “मयूरी, ये गं.” शिवतेजला नको, असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. म्हणायची वेळच आली नव्हती.

आपल्या वॉर्डात भेदभाव नाही, याचा सिस्टरांना अभिमान होता. जतकडची कानडी बोलणारी क्रांती असो की माधवनगरच्या गिरणीकामगाराची मयूरी, डबे एकत्र उघडत आणि सिस्टर पहिला घास दुसऱ्याच्या डब्यातला घेत. पण माणसाला परक्या घरातला वास लगेच येतो, आपल्या घरातला येत नाही.

फॉर्म दुपारी दोनपर्यंत द्यायचा होता. ट्रेनिंगला तिशीच्या आतलेच घेत आणि शिवतेजला दिवाळीत तीस वर्षं पुरी होत होती. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

तेवढ्यात सात नंबरच्या बनुबाईंची सुई शिरेबाहेर गेली आणि हात सुजला. मयूरीने ट्रे उचलला.

“थांब,” सिस्टर म्हणाल्या. “शिवतेजला दे.”

“शिवतेजला?” मयूरी हसली. “अहो सिस्टर, त्याला कॉट उचलायला सांगा. म्हातारीसकट उचलेल.”

शिवतेजही हसला. तो नेहमीच हसायचा.

त्याने हात धुतले, तळवे एकमेकांवर घासून ऊन केले आणि कॉटशेजारी उकिडवा बसला. बनुबाई कवठे महांकाळकडच्या, सत्तरीच्या. दोन्ही हात टोचून टोचून निळे पडलेले. त्याने दंडाला पट्टा बांधला, डोळे मिटले आणि बोटाच्या टोकाने शीर शोधू लागला.

“आजी, शेळ्या किती हायत घरी?”

“चार हायत की.”

“नावं सांगा बगू चारींची.”

“एक तांबडी. एक भुरी. एक ती लबाड, चंद्री...”

चंद्रीपाशी येईतो सुई शिरेत बसली होती. चौथीचं नाव म्हातारीने सलाईन चालू झाल्यावर सांगितलं.

“दुखलं का हो आजी?” सिस्टरांनी विचारलं.

“ह्येच्या हातानं कवा दुखतंय व्हय? आवं बाई, रातपाळीला ह्योच टोचतुय की मला. दिवसा तुमी असलासा म्हंजी बापडा निसती उचलाउचली करतुय.”

मयूरी हसायची थांबली. रातपाळीचा तक्ता सिस्टरच लावत. रात्री वॉर्डात तो एकटा असतो आणि सुया काही आपोआप लागत नाहीत, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

टेबलाशी येऊन त्यांनी मयूरीला सांगितलं, “तुला पुढच्या वर्षी जाता येईल. त्याला नाही येणार.”

“मी घरी सांगून बसलेय, सिस्टर.”

“चूक माझी आहे, पोरी. तुझी नाही.”

मयूरी ट्रे घेऊन निघून गेली.

मग त्यांनी शिवतेजला बोलावलं. “तुझं नाव घातलंय. सही कर.”

त्याने कागद नीट वाचला. रेघ मारून खोडलेले शब्दही वाचता येत होते.

“ह्ये माझ्याच नावाम्होरं व्हतं व्हय?”

“तुझ्याच. मी न बघता लिहिलं.”

“मला वाटायचं, आसंल काय तरी,” तो म्हणाला. “दोन वर्सं दिवसा कुनी हातात सुई दिली न्हाई, म्हंजी आपल्यातच कमी आसंल. रातच्याला टोचताना लय भ्यायचो बगा सुरवातीला.”

सिस्टर उठल्या. सव्वीस वर्षांत त्यांच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं नव्हतं. ती त्यांनी त्याच्याकडे सरकवली.

“बस. बसून कर सही.”

“न्हाई सिस्टर. बरं हाय असंच.”

त्याने उभ्यानेच, वाकून, वडिलांच्या नावासकट आपलं पूर्ण नाव सावकाश लिहिलं. कागद फिरवून त्यांच्यासमोर सरळ ठेवला.

“नऊ नंबरला एक्स-रेला न्यायचंय,” म्हणाला आणि स्ट्रेचर आणायला गेला.

सिस्टर बराच वेळ त्या रिकाम्या खुर्चीशेजारी उभ्या होत्या.