अर्धी रेघ

लिफ्ट-मेकॅनिकने कॉम्प्युटरच्या काचेवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं आणि मान तिरकी करून आवाज ऐकला. लिफ्टचं दार चौकटीत नीट बसलं आहे की नाही, हे तो असंच तपासत असे.

"काका, काच आहे ती," दुकानदार म्हणाला.

काचेआड पंखे फिरत होते. निळे, मग जांभळे, मग हिरवे.

"एवढा लखलखाट कशाला?"

"गेमिंगचा आहे ना. पोरांना आवडतो."

"आवडतो का गं?" त्याने धाकट्या मुलीला विचारलं.

"बंद करता येतो तो," धाकटी म्हणाली. तिचं लक्ष काचेकडे नव्हतंच. भिंतीच्या कपाटात सुट्या भागांची खोकी रचली होती, ती त्यांच्याकडे बघत होती.

दुकानदाराने दोन्ही बाजू मांडल्या. तयार घेतला तर सगळं जोडलेलं, तपासलेलं; बिघडला तर आणून टाका, आम्ही बघू. सुटे भाग घेतले तर तेवढ्याच पैशांत ग्राफिक्स कार्ड सरस बसेल, पुढे हवा तो भाग बदलताही येईल. पण जोडणी तुमची, आणि चालू झाला नाही तर डोकेफोडही तुमचीच. "जुन्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट घरी आहे म्हणाला होतात ना? धडधाकट असेल तर आतलं बदला फक्त. तोही मार्ग आहे."

"ते नको," मेकॅनिक म्हणाला. जरा जास्तच पटकन.

मग उगाच वाकून त्याने आतले स्क्रू न्याहाळले. "ह्यातला एखादा ढिला झाला तर कळणार कसं?"

"काका, ही लिफ्ट थोडीच आहे? टेबलावर बसून राहणारी वस्तू. ढिला व्हायला कुठे जातोय?"

धाकटी हसली नाही. तिने बापाकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली वळवली.

बाहेर, दुकानाच्या पायरीवर, तो म्हणाला, "तयारच घेऊ. कटकट नको."

"दादा म्हणाला होता, पुढचा आपण दोघं मिळून जोडू."

तो चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिला. काच स्वच्छच होती.

"दिवसभर लिफ्टच्या त्या शाफ्टमध्ये लोंबकळता तुम्ही," धाकटी म्हणाली, "आणि घरातला एक डबा उघडायला—"

"घाबरत नाही मी."

"मी कुठे म्हटलं घाबरता?"

समोरून एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत दोघं थांबली.

"एकदा उघडा, बाबा. एकदाच. मग तुम्ही म्हणाल तो आणू. लखलखाटवाला म्हणालात तर लखलखाटवाला."

"बरं," तो म्हणाला. कुठलंही बोलणं संपवायचं असलं की तो असाच 'बरं' म्हणे.

थोरल्याने घरातला जुना कॉम्प्युटर जोडला, तेव्हाही घरात हाच वाद झाला होता. बापाचं म्हणणं होतं, तयार घे. थोरला ऐकेना. "तुझ्याच्याने व्हायचं नाही," बाप म्हणाला होता, "आठवड्याच्या आत दुकानात धावशील." त्यानंतर थोरल्याने खोलीचं दार लावून घेतलं आणि बाप ड्यूटीवर निघून गेला. कॉम्प्युटर पहिल्या झटक्यात चालू झाला. दुकानात कधी न्यावा लागला नाही. बापाने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही आणि थोरल्यानेही कधी टोमणा मारला नाही. दोन वर्षांपूर्वी कामावरून परतताना थोरल्याच्या मोटरसायकलला अपघात झाला, त्यात तो गेला. त्यानंतर ते मशीन धाकटी वापरू लागली. ती गेम बनवायचं शिकत होती, आणि आता भर कामात ते बंद पडायचं. अर्धं चित्र पडद्यावरून नाहीसं व्हायचं आणि ती हात मांडीवर ठेवून काळ्या पडद्यापुढे बसून राहायची. बाप ते दारातून बघायचा. म्हणून तर नवा घ्यायचं ठरलं होतं.

रविवारी सकाळी धाकटीने कॅबिनेट जेवणाच्या टेबलावर आडवं ठेवलं. खाली जुनी चादर अंथरली. आईने टेबलावरची बरणी उचलून ओट्यावर ठेवली आणि तिथेच थांबली.

"धूळ उडेल हं," ती म्हणाली.

"उडू दे, आई."

मेकॅनिकने स्क्रू-ड्रायव्हर घेतला. ह्या हातांनी त्याने आयुष्यभर याहून कितीतरी मोठी झाकणं उघडली होती. आत काय सापडतं ते त्याला ठाऊक होतं. वंगण, धूळ, कधी कुणाचं पडलेलं नाणं. त्याने बाजूचा पत्रा सरकवला आणि बाजूला ठेवला.

धूळ फारशी नव्हती. आधी हेच त्याच्या लक्षात आलं.

मग त्याला लाल रंग दिसला.

मदरबोर्डाच्या कोपऱ्यातल्या स्क्रूच्या डोक्यावरून निघून बोर्डावर उतरलेली, केसाएवढी बारीक, सरळ रेघ. पुढच्या स्क्रूवर तशीच. त्याच्या पुढच्यावरही. पंख्यांच्या स्क्रूंवर, कार्ड धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, जिथे जिथे काही आवळलं होतं तिथे तिथे लाल रेघ.

त्याने स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवला. तो घरंगळत गेला, धाकटीने अडवला.

थोरला शाळेत असताना एका सुट्टीत बापाने त्याला कामावर नेलं होतं. लिफ्टच्या टपावर उभं करून दाखवलं होतं, की नट आवळला की डोक्यावरून पत्र्यापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. पुढच्या फेरीला रेघ सलग दिसली तर नट जागेवर आहे. तुटलेली दिसली तर समज, फिरला. पोरगं कानात हेडफोन घालून शाफ्टच्या अंधारात बघत उभं होतं. "हं," एवढंच म्हणालं. घरी येऊन बाप बायकोपाशी चिडला होता, भिंतीशी बोलून आलो म्हणून.

आता तो चष्मा कपाळावर चढवून एकेका स्क्रूवर वाकला. फेरीवर असल्यासारखा, डावीकडून उजवीकडे. सगळ्या रेघा सलग होत्या.

मागच्या पंख्यापाशी तो थांबला. तिथला रंग तोच होता, पण जरा उजळ. रेघ जराशी वाकडी होती.

"हा पंखा कधी बदलला?"

"मागच्या वर्षी. आवाज करायला लागला होता."

"तू?"

"मग कोण?"

"म्हणजे तुला हे—"

"हो."

तो तिच्याकडे बघत राहिला. "सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं होतं, बाबा?" धाकटी म्हणाली. आवाज साधाच होता. "बघण्याची गोष्ट आहे ती."

तिने कॅबिनेटच्या रिकाम्या कप्प्यात हात घातला आणि लाल नेलपॉलिशची एक बाटली काढून चादरीवर ठेवली.

आई ओट्यापासून पुढे आली. "हीच का गं ती? जिच्यासाठी घर डोक्यावर घेतलं होतंस?"

"हीच. दादा शपथ घेऊन म्हणाला होता, मी नाही घेतली. आठवडाभर बोलले नव्हते त्याच्याशी."

"लबाड," आई म्हणाली. बाटली उचलून तिने हातातल्या फडक्याने पुसली, पुन्हा पुसली, आणि होती तिथे ठेवली.

धाकटी म्हणाली, "नवा बोर्ड घालायचा तर हे सगळे काढावे लागतील." थोडं थांबून म्हणाली, "तयार घेऊ. खरंच. मला चालेल. हा असाच राहू दे."

मेकॅनिक रेघांकडे बघत होता. दुकानाच्या पायरीवर त्याला जे हवं होतं, ते आता ती देऊ करत होती.

"बंद पडतो ना हा?" त्याने विचारलं.

"पडतो."

"मग असाच ठेवून काय करायचं?"

त्याने स्क्रू-ड्रायव्हर घेतला, पहिल्या स्क्रूच्या खाचेत बसवला आणि तळव्याने दाब दिला. स्क्रू फिरला तशी रेघ तुटली. एक तुकडा बोर्डावर राहिला, एक स्क्रूच्या डोक्यावर. आईने तोंड दुसरीकडे केलं. त्याने स्क्रू बाटलीच्या शेजारी चादरीवर ठेवला आणि दुसऱ्याला हात घातला.

"हेच स्क्रू नव्या बोर्डाला बसतील का?"

"बसतील."

"मग एकही हरवू नकोस."

पुढच्या रविवारपर्यंत खोकी घरी आली होती. नवा बोर्ड जुन्या कॅबिनेटमध्ये उतरला. धाकटीने तो दोन्ही हातांनी धरला, मेकॅनिकने स्क्रू बसवला आणि मनगटाला ठाऊक असलेल्या जागी येऊन थांबला. स्क्रूच्या डोक्यावरची अर्धी लाल रेघ आता खिडकीच्या दिशेला होती. तिच्यापुढे कोरा बोर्ड.

बाटलीतला रंग घट्ट झाला होता. धाकटीने त्यात रिमूव्हरचे थेंब टाकले, बाटली तळव्यांमध्ये घोळवली आणि ब्रश पुढे केला.

"तू ओढ," तो म्हणाला.

"माझी वाकडी येते. तुम्ही ओढा."

"अहो, जरा सरका," आई म्हणाली, "उजेड अडतोय तुमचाच." तिने खिडकीचा पडदा बाजूला धरला.

थोरल्याची रेघ जिथे संपली होती तिथे त्याने ब्रशचं टोक टेकवलं, श्वास रोखला आणि पुढे ओढली. जुना लाल फिकट पडला होता, नवा ओला होता. मधला जोड स्पष्ट दिसत होता.

"वाळलं की मिसळेल," धाकटी म्हणाली.

"नाही मिसळणार," तो म्हणाला, आणि पुढच्या स्क्रूसाठी हात पुढे केला.