सगळं कौतुक शाईच्या बाटलीचं

मित्रांनो, मी एक जुना खिळा आहे आणि आधीच कबूल करतो, माझ्या पोटात दुखतंय. ते त्या शाईच्या बाटलीमुळे.

जावा बेटावरच्या आमच्या गावात मत द्यायचं म्हणजे मतपत्रिकेवर भोक पाडायचं. सुताराच्या डब्यातून त्यासाठी मला निवडलं आणि आडोशातल्या टेबलाला बांधलं. पाच निवडणुका मी राबलो. पण लोक बाहेर जाऊन करंगळी शाईत बुडवतात आणि गावभर तीच मिरवतात. फोटोही तिचेच. माझा फोटो कुणी काढलाय?

गेल्या खेपेला तुकियेम आजी सकाळी सातलाच आल्या. केंद्रप्रमुख हर्योनो गुरुजींनी यादी चाळली आणि मान खाली घातली.

"आजी, यादीप्रमाणे तुम्ही वारलात."

"हो का? मग माझ्या मयताचं जेवण कोण जेवलं रे?"

आमच्याकडे पुष्कळांना एकच नाव, आडनाव नाहीच. वारली होती वरच्या आळीतली तुकियेम आणि खोडलं गेलं यांचं नाव.

"ओळखपत्र आहे ना? मग यादीत नसलेल्यांना बारानंतर देता येतं मत," गुरुजी म्हणाले. "मतपत्रिका उरल्या तर. तोवर घरी जाऊन या."

"नाही जात. तुमच्या सरकारी कागदांवरचा माझा भरवसा उडालाय."

आजी तिथेच बाकावर बसल्या. प्रत्येक भोकागणिक एक मतपत्रिका कमी होत होती आणि ती भोकं मीच पाडत होतो. मला फार वाईट वाटत होतं.

बाराला नऊ उरल्या. आजी आडोशात आल्या. इतकं घट्ट मला कुणी धरलं नव्हतं. वाटलं, आता तरी माझं कौतुक होईल. पण त्या बाहेर गेल्या आणि शाईपाशी बसलेल्या पोरापुढे करंगळी करून म्हणाल्या, "नुसतं टोक नको, दोन पेरं बुडव. कचेरीत जाऊन दाखवते, मेलेली बाई शाई लावते का ते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अजूनही होतो. पण माझं भोक कुणाच्या हातचं, हे कुणाला कळत नाही आणि कळूही नये. आजींना जिवंत असल्याचा पुरावा हवा होता, तो माझ्यापाशी नव्हता.

मित्रांनो, मोठे झालात की यादीत आपलं नाव आधीच बघा, शेजारच्या म्हाताऱ्यांचंही बघा. नाव खोडलेली सगळीच माणसं पाच तास बसून राहत नाहीत. ती घरी जातात आणि पुन्हा येत नाहीत.