उंबऱ्याखालच्या दोन वाट्या

फुसाए चर मोजत होती. रेल्वेच्या नव्या मार्गासाठी जमीन घेतली की आधी तिच्या पोटात जुनंपानं काही आहे का ते बघायचं, म्हणून वीस-वीस पावलांवर चाचणीचे चर खणायचे. भाताची कापणी संपली की गावातल्या बायकांना हे काम बरं पडायचं. बाकीच्या चर मोजायच्या ते चहाची सुट्टी कधी होते म्हणून. फुसाए मोजायची ती तेराव्या चरासाठी. तेरावा तिच्या जुन्या घराच्या जागेवरून जाणार होता.

घर आता नव्हतं. मोडून रस्त्याकडेला नेलं त्याला सतरा वर्षं झाली, त्या जागी तुती लावली. पण उंबरा कुठे होता ते तिच्या पावलांना पाठ होतं. त्या उंबऱ्याखाली सासऱ्यांनी इसामुची, तिच्या एकुलत्या एका मुलाची, बाळंतपणात पडलेली वार पुरली होती. इसामु पंधराव्या वर्षी कामाला म्हणून तोक्योच्या गाडीत बसला. चार वर्षं पत्रं आली. मग तिचंच पत्र परत आलं, पत्त्यावर कोणी राहत नाही असा शिक्का घेऊन. त्यालाही नऊ वर्षं झाली.

तिला फार काही नको होतं. वार जागेवर आहे, एवढं डोळ्यांनी बघायचं होतं.

"खुरपं चालव की," इने नावाची शेजारीण घमेलं आपटत म्हणाली. "जमिनीकडे अशी बघतेस जशी ती आधी बोलणार आहे."

"तुझ्यापुढे तिला तोंड उघडायला मिळेल तर ना."

दुपारच्या आधी, तेराव्या चरात, फुसाएचं खुरपं टणकन वाजलं. ती बोटांनी माती सारायला लागली. मातीच्या दोन वाट्या, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या. वरचीला बारीकशी चीर, बाकी जशीच्या तशी. तिनं हात मागे घेतला.

"थांबा मावशी, हात लावू नका." ओइकावा पळत आला. विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला हा पोरगेलासा माणूस कामाचा प्रमुख. बायका त्याला मास्तर म्हणायच्या. दीड महिन्यात त्याला सडकी मुळं आणि सायकलची एक घंटा सापडली होती. तो चिखलात पालथा पडला आणि वाट्यांकडे बघत राहिला. "आठशे वर्षांपूर्वीच्या मेजवान्यांत अशा वाट्या असायच्या," तो हळूच म्हणाला, जोरात बोललं तर त्या उडून जातील असं. "मावशी, शहरातल्या संग्रहालयात जाईल हे. तुमचं नाव लावू आपण."

तो कॅमेरा आणायला वळला तशी इने फुसाएच्या कानाशी लागली. वाट्यांत काय आहे ते सगळ्या गावासारखं तीही जाणत होती. "गप्प बस. पोरगा काचेच्या कपाटात बसेल, कापसावर. ओल नाही, उंदीर नाही. वाटलं की बसनं जाऊन बघून यायचं."

फुसाएनं खरंच तसं बघितलं मनात. बस, तिकीट, कपाट, त्याच्यासमोर उभी राहिलेली ती. आणि कपाटावरची पाटी: आठशे वर्षं, मालक अज्ञात.

"मास्तर," ती म्हणाली, "ते माझं आहे."

ओइकावा कॅमेरा धरून हसला.

"आत शाईची कांडी असेल, पाण्यात उगाळायची. उघडून बघा."

त्यानं उघडलं. काळी माती, आणि तीत नखाएवढा शाईचा तुकडा. त्याचं हसू गेलं.

"मुलाची वार आहे. अक्षर चांगलं यावं म्हणून सासऱ्यांनी कांडी ठेवली. अक्षर चांगलं आलं," फुसाए म्हणाली. "पत्र येत नाही, ती गोष्ट वेगळी."

"पुरल्यावर वरून जो पहिला जाईल त्याला पोर जन्मभर भितं," इने म्हणाली. "आजोबांना स्वतः जायचं होतं. तेवढ्यात कोंबडी गेली. इसामु कोंबडीला घाबरायचा, माणसाला कधीच नाही."

ओइकावानं कॅमेऱ्याचं झाकण लावलं. "मग आमच्या लेखी ही अलीकडची उकराउकर. नोंद होत नाही." तो ओशाळला. "घरी घेऊन जा, मावशी."

"घरी कुठे ठेवू? ही तुडवायची असते. जितके पाय वरून जातील तितकं पोर काटक होतं, जिथे असेल तिथे. घरात माझे दोनच." ती चराच्या काठाकडे बघत होती. "इथे खांब येणार का?"

त्यानं नकाशा उलगडला. "खांब पुढे आहे, तीसेक पावलांवर. इथून नुसता पूल जाईल, वरून."

"गाड्या किती जातील?"

"पुष्कळ. अजून ठरलेल्या नाहीत."

"तोक्योहून येणाऱ्या किती?"

"जाणाऱ्या तेवढ्याच येणाऱ्या, मावशी."

"जाणाऱ्यांचं मी विचारलं नाही."

त्यानं नकाशाची घडी घातली. तिनं शाईचा तुकडा आत ठेवला, वाट्या मिटल्या, जागेवर बसवल्या आणि पहिली माती हातानं लोटली. मग बायकांनी फावड्यांनी चर भरला. भरून झाल्यावर इने सगळं वजन टाकत त्यावरून चारदा गेली-आली. बाकीच्याही गेल्या, आपापसात भाजी-मुळ्याचं बोलत, जणू वाटच ती होती.

ओइकावा काठावर घुटमळत होता. फुसाएनं मानेनं खुणावलं तसा तो पुढे आला आणि पूर्वी उंबरा होता त्या रेघेपाशी, कुणी न सांगता, वाकून त्यानं गमबूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

"अहो मास्तर, घर आहे का ते?" इने म्हणाली.

"असू दे," फुसाए म्हणाली. "आत या."