किती मिळालं म्हणजे पुरतं

जॉर्डनमधल्या अम्मान शहरात, जबल अल-हुसैन भागात शफीकचं चष्म्याचं छोटं दुकान होतं. सत्तावीस वर्षं लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात गेली, पण त्या शुक्रवारी मुलीला मागणी घालायला माणसं येणार म्हटल्यावर त्याला स्वतःच्या टायची गाठही धड बांधता येईना.

मुलगी रवंद, एकुलती एक, फिजिओथेरपिस्ट. मुलगा मुअय्यद, शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. दोघांचं आपापसांत जमलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

मुअय्यदबरोबर त्याचे चुलते हाजी फव्वाज आले. कॉफी आली. रिवाजाप्रमाणे हाजींनी कप तोंडाला लावला नाही, समोर ठेवला.

"अबू रवंद, आमचं मागणं मान्य झालं की पिऊ," 'रवंदचे वडील' या अर्थाची मानाची हाक मारत ते म्हणाले.

शफीक 'हो' म्हणणारच होता, तेवढ्यात त्याचा मेहुणा मुन्झिर खाकरला. बारा वर्षं कुवेतला काढून आलेला हा माणूस आता टाइल्सचा मोठा व्यापारी होता. घरातल्या कार्यात त्याच्या शब्दाला वजन होतं, कारण निम्मा खर्च तोच उचलायचा.

"मुलगा गुणी आहे, वाद नाही," मुन्झिर म्हणाला. "पण विचारायचं ते विचारायला हवं. पगार किती रे तुझा?"

"पाचशे दिनार. शिकवण्यांचे दीडशे वर मिळतात."

"या शहरात? भाडं, वीज, उद्या पोरांची शाळा. बाराशेच्या खाली माणसानं संसाराचं नाव काढू नये. टोचून बोलत नाही, आहे ते सांगतोय."

शफीकला मान वर करवेना. मेहुण्यानं विचारलेला प्रश्न आठ दिवस त्याच्याही मनात घोळत होता, फक्त विचारायची हिंमत नव्हती.

रवंद दारात उभी होती. "मामा, एक विचारू? रागवायचं नाही."

"तू कधी विचारल्याशिवाय राहिलीस?"

"कुवेतला निघालात तेव्हा किती मिळालं की पुरे, असं ठरवलं होतं?"

मुन्झिर हसला. "आठशे. आठशे मिळाले की परत येईन, असं तुझ्या आजोबांना सांगून गेलो होतो."

"मग?"

"मग दीड हजार हवेसे वाटले. मग तीन."

"आणि आता?"

"आता पोरं कॅनडात आहेत," मुन्झिर म्हणाला. "कितीही आले तरी थोडे कमीच पडतात गं, हे मात्र खरं."

आता शफीकला बोलावंसं वाटलं. तो मुअय्यदकडे वळला. "पगार कळला. तुमच्या घरात काय काय नसेल, ते सांग."

मुअय्यदनं फार विचार केला नाही. "गाडी नसेल, काका. बाहेरचं जेवण महिन्यातून एकदा. हिवाळ्यात हीटर एकाच खोलीत. सिगारेट तर सुटलीच तीन महिन्यांपूर्वी."

"सुटली नाही, मी सोडवली," रवंद म्हणाली. "आणि हीटरचं अजून ठरलेलं नाही, बाबा. त्यावरून आमचं भांडण चालू आहे."

"आणि एक," मुअय्यद म्हणाला. "आईला दरमहा पन्नास देतो, ते बंद होणार नाहीत. रवंदला माहीत आहे."

लग्नाआधीच हीटरवरून भांडणाऱ्यांचा संसार सुरूच झालेला असतो. आता आपण फक्त 'हो' म्हणायचं राहिलंय, असं शफीकला वाटलं.

"हाजी, घ्या," तो म्हणाला. "कॉफी निवतेय."

हाजींनी कप एका घोटात रिकामा केला. स्वयंपाकघरातून बायकांचे आनंदाच्या आरोळ्या उठल्या. मुन्झिरनं मुअय्यदला छातीशी धरलं आणि सांगून टाकलं, "लग्नाच्या हॉलचा खर्च माझ्याकडे."

"नको मामा," मुअय्यद म्हणाला. "आमच्या गच्चीवर करू या."

मुन्झिरचा चेहरा पडला. "खुर्च्या तरी देऊ दे रे."

"खुर्च्या चालतील."

लग्न गच्चीवर झालं. दोघांनी मार्का भागात तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं, भाड्याचं. फेब्रुवारीत एका शुक्रवारी शफीक बसनं तिकडे गेला. जिने चढून धाप लागली होती. रवंद पातेलं उलटं करून परातीत मकलूबा काढत होती. मुअय्यद मागे ताटं घेऊन उभा होता. कांदा, वांगी, भात यांच्या वाफेनं खिडकीच्या काचा धुरकटल्या होत्या.

"पुरतं का गं?" शफीकनं हळूच विचारलं.

"वीस तारखेपर्यंत छान पुरतं," ती म्हणाली. "मग चार-पाच दिवस मसुराची डाळ. मग पंचवीस तारखेला पगार होतो."

बसच्या वेळा सांगाव्यात इतक्या सहज तिनं ते सांगितलं. शफीकनं मुलीचा चेहरा नीट निरखून पाहिला, डोळे तपासायची सवयच होती त्याला. मग त्यानं बाही वर सारली आणि जेवायला बसला.