भरीव खोड

"जरा जोरात हाण की! सकाळी खाऊन नाही आलास?" झाडाखाली शिवणयंत्रावर वाकलेला शिंपी हसत म्हणाला.

कानसेनने लाकडी हातोडी पुन्हा खोडावर मारली आणि कान लावला. रस्त्याकडेच्या झाडांचे घेर मोजायचे आणि खोड ठोकून आतून पोकळ आहे का ते ऐकायचं, ही त्याची नोकरी. त्याच्या कानाचं कौतुक म्हणून ऑफिसने हे नाव पाडलं होतं. पण आता हातोडी लागलेली फक्त हाताला कळायची. कानांनी केव्हाच दगा दिला होता.

घरी बायको इतक्या मोठ्याने बोलायची, की शेजाऱ्यांना वाटायचं, या दोघांचं रोज वाजतंय.

"अहो, साहेबांना सांगून टाका एकदाचं," ती म्हणायची.

"आणि घरी बसून काय करू? तुझी बोलणी ऐकू?"

"ऐकू येतायत कुठे!"

तो हसण्यावारी न्यायचा. मग गेल्या महिन्यात बसस्टॉपवरचं झाड मोडलं. त्यानेच ठोकून 'ठणठणीत' ठरवलेलं, आणि निघालं आतून पार पोखरलेलं. खाली बसची वाट बघणारी बाई जागच्या जागी गेली. साहेब म्हणाले, वाऱ्यापुढे कोणाचं चालतं? कानसेनला कोणी एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच त्याला खात होतं. खरं सांगायची छाती मात्र झाली नाही.

"काय म्हणतंय झाड?" शिंप्याने विचारलं.

कानसेनने ते ओठांवरून ओळखलं. या जिवलग मित्राने उभा जन्म या सावलीत काढलेला, आणि नेमकी त्याच्या डोक्यावर जाडजूड फांदी. नको रे बाबा, पुन्हा नको.

"पोकळ आहे," तो म्हणाला. "पाडावं लागेल."

गल्ली खवळली. तोडायला माणसं आली त्या सकाळी लोक झाडाभोवती कडं करून उभे राहिले. त्यांना शिंप्यानेच समजावलं.

"माझं तर पोट आहे या सावलीवर. मला वाईट वाटत नाही का? पण हा पोकळ म्हणाला म्हणजे पोकळच. याचा कान चुकायचा नाही."

लोक बाजूला झाले. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं! पण कानसेन खाली मान घालून उभा राहिला, आणि करवत सुरू झाली.

दुपारपर्यंत झाड आडवं झालं. करवतवाला बुंध्यावर हात फिरवत ओरडला, "काका, हे तर भरीव आहे! कुठे भोक नाही, कीड नाही!"

ते ऐकायची गरजच नव्हती. पांढरं, ओलसर लाकूड समोर दिसत होतं. शिंपी उन्हात उभा राहून कधी बुंध्याकडे, कधी मित्राकडे बघत होता.

"मला ऐकू येत नाही रे," कानसेन म्हणाला. "वर्ष झालं असेल."

शिंपी जवळ आला. त्याच्या कानाशी तोंड नेऊन, बहिऱ्याशी बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून त्याने मोठ्याने विचारलं, "मग ती बसस्टॉपवरची बाई?"

सगळ्या गल्लीने ऐकलं. कानसेनने हळूच होकारार्थी मान हलवली.

शिवणयंत्र ओढत शिंपी समोरच्या भिंतीच्या वीतभर सावलीकडे निघाला. दुसरी बाजू उचलायला कानसेनने हात लावला. शिंप्याने तो हात धरला आणि बाजूला केला.